हळद आमटीत आहे, तेवढी पुरे

बाबा,
लॅबला निघाले. पायाच्या ड्रेसिंगला सिस्टर येतील, त्यांना व्याख्यान देऊ नका.

सकाळी केर टाकताना डब्यात तुमच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सापडल्या. हळदीवरचा माझा पेपर छापून आला म्हणून सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटलेत, वाचला मात्र नाहीत. हळदीतलं द्रव्य जंतूंना नुसतं खिळखिळं करतं. मारायचं काम औषधाचंच. हळदीचं खिळखिळं करणंही अजून लॅबमधल्या काचेच्या बशीत, कुणाच्या पायात नव्हे.

नव्या गोळ्या जेवणाच्या डब्यावर ठेवल्यात, जेवून लगेच घ्या. हळद आमटीत आहे, तेवढी पुरे.

काल डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाहीये, अंगठा काढावा लागेल. "गोळ्या नियमित घेतात ना?" असंही विचारलं.
मी छातीठोकपणे हो म्हणाले.

वल्लरी