चादरीचं दुसरं टोक

४ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. तुझी आई गेल्यापासून आपल्या लाँड्रीत सगळं लांबून ऐकू आल्यासारखं वाटतं. मशीनं तीच आहेत, वाफ तीच आहे, पण मधे बोलणारं कोणी नाही.

तुझा दादा गोळ्या नियमित घेतो. कानातले आवाज थांबलेत म्हणतो. स्वतः मात्र दिवस दिवस बोलत नाही. हॉटेलच्या चादरींची घडी घालताना मी त्याला दुसरं टोक धरायला देते. ताई आणि मी वर न बघता घड्या घालायचो. याच्याबरोबर प्रत्येक चादरीला पीळ पडतो. तो समोर असतो, माझ्याबरोबर नसतो. तू सांगितलेल्या निवासी केंद्रात त्याच्यासाठी जागा असेल, तर विचारून ठेव. माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी मावशी

१० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. जागा आहे, पुढच्या महिन्यापासून. पण त्याआधी दोघं एकदा इकडे या. आमच्या प्रयोगशाळेत दोन माणसांच्या डोक्यांवर तारांच्या टोप्या घालतात आणि काही बरोबरीनं करताना त्यांच्या मेंदूतल्या लहरी जुळतात का, ते बघतात. यावरून कुणाचा आजार ठरत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. त्या स्वतःच अजून शिकताहेत. टोप्या मिठाच्या पाण्यात भिजवायचं काम माझं. म्हणजे घर सोडलं तरी भिजवणं काही सुटलं नाही.

टोपीनं गुदगुल्या होतात, हे दादाला आधीच सांग.
तुझी ठकी

२५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. तुम्ही गेल्यावर खोली फार रिकामी वाटली.

न मोजता, एकाच वेळी बटण दाबायचं होतं, आठवतं ना? दादाच्या लहरी माझ्याशी बऱ्यापैकी जुळल्या. तुझ्या माझ्याशी जुळल्या नाहीत, त्याच्याशीही नाहीत. बाई म्हणाल्या, एका दिवसावर जाऊ नका, माणूस थकलेलं असतं. पण बटणांचं मला स्पष्ट दिसलं. दादा दर वेळी तुझ्यासाठी थांबत होता. तू आपल्याच नादात होतीस.

टोपी काढताना त्यानं हळूच विचारलं, की मावशी कुणाबरोबर दाबत होती. मी म्हटलं, तिलाच विचारते. रागावू नकोस. केंद्राला काय कळवू?
तुझी ठकी

३१ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. दादानं विचारलं, त्याचं उत्तर असं. मी ताईबरोबर दाबत होते.

त्या शांत खोलीत डोळे मिटले आणि वाफ आली. वाफेपलीकडे ती उभी, मधे पांढरी चादर, तिच्या टोकाला ओढ. बटण कधी दाबलं ते कळलंच नाही. मला तिथून यायचं नव्हतं.

तुझी आई डावखुरी. समोरासमोर उभं राहिलं, की तिचा डावा हात आणि माझा उजवा एकाच काठावर यायचे, आपसूक. त्यामुळे इतक्या वर्षांत मला समोर बघायची गरजच पडली नाही. दादा माझ्यासारखा उजवा. दोघांनी उजवाच हात आणला, की पीळ पडणारच. एवढी साधी गोष्ट, आणि मी ती त्याच्या आजारावर ढकलून मोकळी झाले होते.

आज चादर धरली आणि वर बघितलं. तो माझ्या हातांकडे बघत होता. रोजच बघत असणार, पण त्याला कळायच्या आत मी हात आणलेला असायचा. आज मी थांबले. बराच वेळ चादर नुसती आमच्यामधे हलत राहिली. मग त्यानं डावा हात उचलला, अगदी ताईसारखा, आणि मी उजवा. घडी सरळ आली. तो म्हणाला, की मावशी, आता आलीस.

पुढच्या चादरीला पुन्हा पीळ पडला. दोघंही हसलो.

केंद्रातली जागा ज्याला हवी असेल त्याला मिळू दे. दादा इथेच राहील.

माया आहे तशी असू दे. सुट्टीत ये, तिघांनी चादर कशी धरायची ते बघू.
तुझी मावशी