पिवळ्या हाताची मोजणी

मी, रुद्रम्मा वीरप्पा बिराजदार, वय ६९, धंदा गवंडीकाम, राहणार पुनर्वसित बेनतळी, ता. उमरगा, जि. धाराशिव, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या हातानं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. उमरग्याच्या डॉक्टर भैरवीताईंनी तसा दाखला दिला आहे. माझ्या हृदयावर मात्र त्या तेवढ्या खूश नाहीत. पण आज मला मरणाचं काही सुचत नाही, कारण परवा शनिवारच्या तालमीत आमचं अख्खं गाव दोन मिनिटं दहा सेकंदांत घराबाहेर आलं! तीनशे बारा माणसं! एवढ्या लवकर आजवर कधीच नाही. त्या आनंदातच लिहायला बसले आहे, तेव्हा अक्षर हललेलं दिसलं तर भूकंप समजू नये.

कलम १. पुनर्वसनात मिळालेल्या दोन खोल्या आणि मी स्वतः बांधलेली तिसरी, असं घर माझा मुलगा महांतेश याला. अट एकच. दुकानाच्या शटरसाठी रस्त्याकडचा कोपरा फोडायचा नाही. त्या भिंतीत दर दोन हातांवर आरपार दगड आहे आणि वर चारही बाजूंनी सिमेंटची पट्टी फिरवली आहे. जुन्या गावातल्या आमच्या भिंती अडीच हात जाड, म्हणून आम्ही मिजाशीत होतो. दोन्ही अंगांना दगड, मध्ये माती, आणि दोघांना धरून ठेवणारं काहीच नाही, हे त्र्याण्णवच्या भूकंपात कळलं. महांतेश, दुकान घालायचं तर अंगणात टपरी टाक. कोपरा फोडलास की घर तुझ्या बायकोचं, शिवलीलाचं झालं.

कलम २. ओळंबा, पाणसळ आणि दोन्ही थाप्या गावातल्या ज्या बाईला गवंडीकाम शिकायचं असेल तिला. "बाईनं बांधल्याल्या भिंतीला टेकू नगा रं," असं चारचौघांत म्हणणारे मिस्त्री आता हयात नाहीत. त्यांच्या घरांची दुरुस्ती मीच केली, हे इथं नोंदवून ठेवते.

कलम ३. शिट्टी आणि रंगाचे चार डबे सून शिवलीला हिला. हे जरा सविस्तर लिहिते, म्हणजे हे खूळ कुणी काढलं, असं पुढं कुणी विचारायला नको. बारा वर्षांपूर्वी गावात फलक लागला: 'उद्या सकाळी दहा वाजता भूकंपाची रंगीत तालीम. सर्वांनी उपस्थित राहावे.' फलक लावणाऱ्या तहसीलच्या साहेबांना म्हणायचं होतं सराव. पण तालीम म्हटल्यावर बलभीम पैलवान चार पठ्ठे घेऊन लंगोट कसून हजर, आणि रंगीत म्हटल्यावर शेजारची लक्ष्मीबाई रंगपंचमीचा उरलेला रंग परातीत घेऊन हजर. "अहो, इथे रंग खेळायचा नाही!" असं साहेब ओरडले, तोवर त्यांचा शर्ट हिरवा झाला होता.

मी हसता हसता थांबले. कोण कोण मैदानात पोचलंय, ते रंगलेल्या हातांवरून लांबूनही कळत होतं. माझे मालक वीरप्पा त्र्याण्णवच्या भूकंपात पहिल्या हादऱ्यातून वाचले होते. महांतेशला उचलून बाहेर आले आणि मला शोधायला परत आत गेले. मी तोवर परसदारानं बाहेर पडले होते. धुरळ्यात त्यांना दिसले नाही. हे एवढं लिहायला मला बत्तीस वर्षं लागली.

त्या फजितीपासून आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या शनिवारी शिट्टी वाजते. बाहेर पडायचं, मैदानात आपल्या गल्लीच्या रंगात हात बुडवायचा आणि वर धरायचा. आमच्या गल्लीचा रंग पिवळा. हात मोजले की कोण आत राहिलं ते कळतं. नव्या सरपंचांना हा पोरखेळ वाटतो. हजेरी मोबाइलवर घ्या म्हणतात. सरपंच, धुरळ्यात मोबाइल दिसत नाही, हात दिसतो. माझ्यामागं ही तालीम बंद पडली तर मी बांधलेली भिंत न् भिंत फुकट गेली, एवढी मला तिची काळजी आहे. पहिल्या तालमीत शिवलीला भात करपेल म्हणून परत आत पळाली होती. त्यावरून मी तिला वर्षभर बोलले. परवा तिनंच म्हाताऱ्या हणमंतप्पांना खुर्चीसकट बाहेर आणवलं. शिट्टी तिचीच.

कलम ४. लक्ष्मीबाईचे यजमान गौरीशंकर यांना पत्रे आवळायच्या हुकांची पिशवी, चाळीस नग. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून हे गृहस्थ त्यावर दगड ठेवतात. दहा वर्षं सांगून माझी जीभ झिजली. गेल्या श्रावणात भरदुपारी जमीन गुरगुरली, तेव्हा सगळे मैदानाकडे आणि हे उलटे घराकडे पळाले. "माजी लक्षमी आत हाय!" तिकडं मैदानाच्या टोकाला लक्ष्मीबाई पिवळा हात उंच करून ओरडली, "अवो, मी हितं हाय! हात बघा की!" हात दिसला आणि गौरीशंकर जागच्या जागी थांबले. त्याच क्षणी त्यांच्या उंबऱ्यावर वरून तीन दगड आले. त्या दिवशी मी नाचले, या वयात, भर मैदानात! दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच दगड पुन्हा वर चढवले.

त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचं होतं. ज्याला काही मिळणार त्यानं सही करू नये, असं सांगितल्यावर डोळे चमकले. "मंजी मला काय मिळतंय? जमीन?" गौरीशंकर, हुक मिळत आहेत. आता तरी लावा.

कलम ५. माझा देह. आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणं बसवून माती द्यावी. त्या दिवशी वार कुठलाही असो, शिट्टी वाजवावी, गावानं मैदानात यावं आणि मोजणी व्हावी. पिवळ्या गल्लीत एक हात कमी भरेल. म्हणून मला नेण्याआधी शिवलीलानं माझा उजवा हात पिवळ्या डब्यात बुडवून वर धरावा. ती मला आत्या म्हणते. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगावं, "आत्या भायेर आल्यात." म्हणजे मोजणी पुरी भरेल, आणि मला शोधायला कुणी परत आत जाणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, मोठ्यानं वाचला, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: पुनर्वसित बेनतळी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

(सही) रुद्रम्मा वीरप्पा बिराजदार

रुद्रम्माबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. (सही) बलभीम पैलवान, बेनतळी
२. (सही) डॉ. भैरवी, उमरगा