सुलट उभ्या बाटल्या

प्रिय धाकटे बंधुराज,

दुकानातल्या माझ्या खुर्चीवरची उशी तू सासुरवाडीला घेऊन गेलास, या घोर अपहाराचा मी प्रथम निषेध नोंदवतो. वीस वर्षं औषधं विकून माझ्या पाठीला मिळालेलं ते एकमेव सुख होतं.

आता दुसरी बाब. मुदत संपलेल्या बाटल्या कंपनीकडे परत जाईपर्यंत आपण फळीवर उलट्या ठेवतो. ही पद्धत तूच घातलीस. मंगळवारी निरीक्षकबाई आल्या, तेव्हा खोकल्याच्या औषधाच्या मुदत संपलेल्या सहाही बाटल्या विक्रीच्या मालात सुलट उभ्या होत्या.

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हणालो.

"काका, माहीत होतं का, हे कायदा विचारतच नाही. परवाना कुणाच्या नावावर आहे?"

माझ्या. मनसा, वाचा शुद्ध असून उपयोग नाही; इथे फक्त कर्म बघतात, तेही दुसऱ्याचं.

तुझी वहिनी म्हणते, "भाऊजींनी फळी पुसताना चुकून सरळ ठेवल्या असतील." असेलही. पण बाकीच्या फळ्यांवर बोटभर धूळ आहे, आणि बुधवारी तू कुणाला न सांगता सासुरवाडी गाठलीस.

खटला माझ्यावर चालेल, शिक्षा मी भोगीन. तुझ्या मनात काय होतं, हे तिथे कुणी विचारणार नाही. मला मात्र तेवढंच विचारायचं आहे, तरी हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. "दादा, मी फक्त फळी पुसत होतो," असं तू म्हणालास, तर माझा त्यावर विश्वास बसणार नाही, याची मला भीती वाटते.

तुझा,
दादा