सातशे ग्रॅम शिसे

मी, धम्मदीपा यशपाल तायडे, वय ४६, मूळची अकोल्याची, सध्या राहणार रेगेन्सबर्गजवळ, नोकरी गाड्यांमधला आवाज आणि कंपन मोजण्याची, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही, उलट माझा नवरा यशपाल "कशाला आत्ताच?" असे दोनदा म्हणाला. १७ जूनला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांच्या मते हे रोजचे ऑपरेशन आहे. त्यांचे रोजचे असेल. मी वर्षभर दमलेली आहे, आणि दमलेल्या माणसाच्या हातून कामे अर्धवट राहतात, म्हणून लिहून ठेवते.

इथल्या कायद्याला सगळा मजकूर स्वतःच्या अक्षरात लागतो. साक्षीदार लागत नाहीत. पण अकोल्याच्या प्लॉटसाठी तिकडे दोन साक्षीदार मागतात. त्या दोन सह्या शनिवारी घेईन.

१. या घरातला माझा अर्धा हिस्सा यशपालला, त्याच्यानंतर आमची मुलगी स्पृहा हिला. मला फ्लॅट हवा होता. बागेची लांबी पावलांनी मोजून "तुझे नेमबाजीचे दहा मीटर बसतात" असे तो म्हणाला, म्हणून हे घर घेतले. हे त्याच्या खाती जमा असावे. मी तोंडाने कधी म्हटले नाही.

२. बचतीची कागदपत्रे निळ्या फाइलीत आहेत. ती यशपाल आणि स्पृहा यांना निम्मी निम्मी. अकोल्याचा प्लॉट माझ्या आईला, गयाबाईला. तिने तो विकला तरी कोणी जाब विचारू नये.

३. माझ्या तेवीस रोजनिश्या स्पृहाला. तिला मराठी समजते, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते आणि देवनागरी बोट ठेवून वाचते. तेवीस वह्या वाचून होईपर्यंत ती माझ्या वयाची झालेली असेल. तेव्हा तिचे माझ्याबद्दल जे मत होईल ते मला मान्य आहे.

४. माझ्या नावावर एक क्लाइनकालिबर रायफल आहे, म्हणजे पॉइंट टू टू. ती नेमबाजी क्लबच्या तिजोरीत असते आणि घरी कधी वापरलेली नाही. परवाना माझ्या एकटीचा आहे. मी गेल्यावर यशपालने तिला हात न लावता लगेच लांडराट्सआम्टला, म्हणजे जिल्हा कार्यालयाला, कळवावे. घरी आहे ती साडेचार मिलिमीटरची एअर रायफल. ती स्पृहाला, अठरा पूर्ण झाल्यावर, तिला हवी असेल तरच.

बंदूक मी प्रथम कॉलेजात एनसीसीमध्ये धरली. श्वास सोडायचा, हलायचे नाही, आणि थोडा वेळ कोणी काही विचारत नाही, हे मला तिथेच आवडले. आईला ते कधी पटले नाही.

"काऊन वं, सकाळी पंचशील म्हणतं अन् संध्याकाळी बंदूक धरतं? कोणाले मारतं?"

"कागदाले, आई."

"कागदानं काय केलं तुह्यं?"

कागदाने एक काम केले. गेल्या वर्षी नेम धरताना बंदुकीचे टोक हृदयाच्या ठोक्यागणिक हलते तसे न हलता मध्येच दोनदा उडू लागले. डॉक्टरांनी शोधण्याआधी ते मला तिथे दिसले.

५. क्लबचे जॅकेट धुऊन परत करावे. संघात घेण्याआधी तीन वर्षे मला उन्हाळी जत्रेत केकच्या टेबलावर उभे केले होते, हे जॅकेट देताना सांगितले तरी चालेल. सांगितलेच पाहिजे असे नाही.

६. आता बागेतल्या रेंजविषयी. याचसाठी हा कागद लिहायला घेतला.

२०२१ मध्ये ती उभी केली तेव्हा शेजारच्या फ्राऊ आशेनब्रेनर यांनी पहिल्याच दिवशी पोलिसांना बोलावले. दोघे आले, त्यांनी रायफलवरची परवाना लागत नसल्याची खूण पाहिली, कुंपण पाहिले, सगळे नियमात आहे म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी केक घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, बंदुकीचे काही नाही, पण मागच्या लोखंडी पत्र्यावर छर्रा आपटून टण् वाजते, ते सहन होत नाही. वय तेव्हा चौऱ्याहत्तर, एकट्या राहतात. वेळ ठरली: संध्याकाळी पाच ते सहा, त्या घरात बातम्या बघत असताना. रविवारी नाही.

आवाज हा माझा धंदा. एप्रिल २०२२ मध्ये मी छर्रे अडवणाऱ्या पेटीतला पत्रा काढला आणि गालिच्याचे जुने तुकडे व रबर यांचे थर भरले. कुंपणाशी चौऱ्याहत्तर डेसिबलचे एक्कावन्न झाले. मी खूश झाले. यशपाल म्हणाला, "आता तुझी गोळी आहे की कोणी पुस्तक मिटलं, तेच कळत नाही." तेव्हापासून दर जुलैला फ्राऊ आशेनब्रेनर योहानिसबेरेच्या जॅमची बाटली देतात. ती लाल आंबट फळांची झुडपे कुंपणापलीकडे, बरोबर पेटीच्या मागे आहेत.

२२ मार्चला थर बदलायला पेटी उघडली. मागची फळी ओल धरून कुजली होती आणि तिला अंगठा जाईल एवढे भोक होते. मी प्रत्येक फेरीचे छर्रे रोजनिशीत लिहिते. तीन वर्षांत नऊ हजार दोनशे झाले, अर्ध्या ग्रॅमचा एक, म्हणजे चार किलो सहाशे. पेटीतले शिसे स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरले तीन किलो नऊशे. सातशे ग्रॅम कुंपणापलीकडे गेले, त्यांच्या झुडपांच्या मुळाशी. मी आवाज मोजला आणि फक्त आवाजच मोजला. पत्रा असता तर एकही छर्रा गेला नसता.

त्या दिवसापासून मी नेम धरलेला नाही, आणि त्या दिवसापासून मी कोणाला सांगितलेलेही नाही. अडीच महिने झाले. रोज कुंपणावरून "ग्र्यूस गॉट" म्हणते आणि आत येते. जॅम आमच्या स्पृहानेही खाल्ला आहे.

म्हणून माझ्या पश्चात: यशपालने ही गोष्ट फ्राऊ आशेनब्रेनर यांना सांगावी, वाफ्यातली माती खणून काढून लांडराट्सआम्ट सांगेल तिथे द्यावी आणि नवी भरावी, त्यांचे व स्पृहाचे रक्त शिशासाठी तपासून घ्यावे, आणि रेंज कायमची मोडावी. मी हे जिवंतपणी सांगत नाही आणि मेल्यावर नवऱ्याकडून सांगवते, यात काय आहे ते मला दिसते. लिहून झाल्यावर अधिकच दिसते.

गुरुवार, ५ जून.

७. शनिवार, ७ जून. पुढचे आज लिहीत आहे.

साक्षीला माझी मैत्रीण सुमेधा वाल्डॉर्फहून आली. दुसरा साक्षीदार यशपालने परस्पर ठरवला होता. "कुंपणापलीकडे आहेत, घरच्या नाहीत, नातेवाईक नाहीत. अजून कोण हवं?" असे म्हणून तो फ्राऊ आशेनब्रेनर यांना घेऊनच आला. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "फ्राऊ तायडे, मला जे वाचता येत नाही त्यावर मी सही करत नाही. कधीच केलेली नाही."

सुमेधा म्हणाली, "साक्षीदाराला मजकूर माहीत असावा लागत नाही. फक्त सही झालेली बघायची."

"मला लागतो," त्या म्हणाल्या.

मी पहिल्या कलमापासून जर्मनमध्ये वाचायला लागले. सहावे टाळता आले असते. कोणाला कळले नसते. तेही वाचले.

यशपाल हळूच म्हणाला, "दीपा, मला तरी सांगायचंस." स्पृहाने विचारले, "उंट दी मार्मेलाडे?" त्या जॅमचे काय, हे मी अडीच महिने स्वतःला विचारत होते.

फ्राऊ आशेनब्रेनर उठल्या आणि घरी निघून गेल्या. चहा तसाच राहिला. मला वाटले, झाले.

दहा मिनिटांनी त्या जॅमची बाटली घेऊन परत आल्या. तिच्यात छर्रे होते. मी वजन केले: चारशे दहा ग्रॅम.

"दोन वर्षांपूर्वी खुरपताना पहिला सापडला. मग सापडतच राहिले. तेव्हापासून त्या झुडपांचं काही खाल्लं नाही. तुम्हाला दिलेला जॅमही बाजारातल्या फळांचा होता," त्या स्पृहाकडे बघून म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारले.

"एकदा तुमच्यावर पोलीस बोलावून झाले होते. पुन्हा बोलले असते, तर गाव म्हणालं असतं, म्हातारी त्या भारतीयांच्या मागेच लागली. आणि शांतता मीच मागितली होती."

पहिल्या वर्षीचा जॅम मात्र त्यांच्याच झुडपांचा होता. तो त्यांनीही खाल्ला आणि आम्हीही. म्हणून रक्ताची तपासणी मंगळवारीच, त्यांची आणि आम्हा तिघांची. दोनशे नव्वद ग्रॅम अजून मातीत आहे. माती ऑपरेशनची वाट न बघता काढायची. सांगायचे काम उरलेले नाही, तेवढे कलमातून रद्द.

रेंज मोडण्याचे कलमही रद्द, कारण सहीसाठी त्यांनी अट घातली: पत्रा परत लावा.

"पण तो आवाज…" मी म्हणाले.

"गेनाऊ, तोच. आवाज ऐकला म्हणजे छर्रा तुमच्याकडेच राहिला, हे मला कळेल."

पत्रा तळघरात हिवाळी टायरांखाली होता. यशपालने तो नव्या फळीला ठोकला. पाच वाजता मी उभी राहिले. दम लागत होता, टोक उडत होते. पाच छर्रे मारले. त्या आज बातम्या न लावता स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या, बोटांवर मोजत.

यापुढे ही रेंज कोणी चालवली, तर पत्र्यासहच चालवावी. पाच ते सहा. रविवारी नाही.

वरील सर्व मजकूर माझा, अक्षर माझे. खाडाखोड केलेली नाही. जे बदलले ते सातव्या कलमात लिहिले आहे.

सही: धम्मदीपा यशपाल तायडे
रेगेन्सबर्गजवळ, ७ जून २०२५

साक्षीदार:

१. सुमेधा श्रीधर गोखले, वाल्डॉर्फ. सही माझ्यासमोर झाली.

२. हिल्डेगार्ड आशेनब्रेनर, शेजारी. (त्यांच्या अक्षरात जर्मनमध्ये, खालचे मराठी माझे.) मजकूर मला वाचून दाखवला. सही माझ्यासमोर झाली. पाचही ऐकले.