सातवा खाना

१२ बहमन १३५४ फसली (डिसेंबर १९४४)

माझी फणी पुन्हा गायब! नर्सच्या टेबलावरची वस्तू उचलू नका म्हणून दहा वेळा सांगून झालं, पण लातूरच्या ह्या जनाना वार्डात माझं ऐकतंय कोण? शेवटी गुरम्मा आयाच्या उशाखाली निघाली. "जरा इंचरत होते" म्हणे. लई बोलले तिला.

फणीवाचून माझं काम अडतं. दवाखान्याचा कागद उर्दूत, त्याला अकरा खाने — नाव, गाव, दुखणं कधीपासून, सगळं. बाईला समोर बसवून विचारलं की उत्तरं सासू देते. म्हणून मी सासूला पाणी आणायला धाडते, बाईची वेणी सोडते आणि विंचरता विंचरता विचारते. पाठमोरी बाई खरं बोलते. कागद मागाहून भरते.

आज जळकोटकडची सिंधु आली. विशीची पोर, आठवा महिना, पाय सुजलेले. सोबत सासू, केवळाबाई — जागची हलेल तर शपथ! पाणी आणा म्हटलं तर तांब्या भरलेलाच. परवाच्या येळवस सणाचे बाजरीचे उंडे फडक्यात बांधून आणलेले, "खा की वो बाई, लई वाळलाव" म्हणत ते माझ्याच हातावर ठेवती झाली. सातव्या खान्याशी आले — लेकरं झाली किती, जगली किती. मी तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हणाली, "पहिलीच खेप हाय. लिवा." लिहिलं. सिंधुला विचारलं नाही.

आज पौष शुद्ध द्वितीया. ह्या तिथीला सातवा खाना मी कुणालाच विचारत नाही. सात वर्षं झाली. वर्षातून एक दिवस, तेवढं चालतं.

१३ बहमन

सिंधु गोड आहे. नवऱ्याचं नाव विचारलं तर भिंतीकडं तोंड केलं. शेवटी उखाण्यातून काढलं — मन्मथ! अख्खा वार्ड खो खो हसला. मग मलाच विचारते, "बाई, तुमच्या घरी कोण कोण हाय?" म्हटलं, "मी आणि माझी फणी."

दुपारी म्हातारी आडावर धुणं घेऊन गेली तेव्हा सिंधुची वेणी सोडली. केस सुंदर, पण गुंता फार. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या बाईला आज इचारलं, ते मला न्हाई इचारलं तुम्ही."

"काय गं?"

"लेकरं किती झाली ते."

माझा हात थांबला. म्हणाले, "तुझं लिहून झालंय. हलू नको." मग मीच म्हणाले, "उद्या विचारते."

डॉक्टरीणबाई औशाच्या दौऱ्यावर निघाल्या होत्या, टांगा दारात होता. त्यांनी सिंधुचा कागद पाहिला. पहिलटकरीण, अजून महिना आहे, म्हणाल्या आणि गेल्या. तीन दिवसांनी येतील.

घाईत राहून गेलं म्हणावं तर — नाही. घाई त्यांना होती. मला विचारायचंच नव्हतं. कालचा दिवस अजून उतरला नव्हता.

१४ बहमन

सिंधु गेली.

१५ बहमन

काल पुढं लिहवलं नाही.

सकाळी नऊला कळा सुरू झाल्या. बाराला मोकळी झाली. मुलगी, एवढीशी, पण रडली. सिंधु हसली, "लेक का?" म्हणाली. मग वार पडेना. रक्त थांबेना. खाटेच्या पायथ्याला विटा लावल्या, पोट दाबून धरलं, होतं ते औषध दिलं. औशाला घोडेस्वार धाडला, पण डॉक्टरीणबाई तिथून पुढच्या गावाला गेलेल्या. गुरम्मा चिंध्या आणून आणून थकली. तीनच्या सुमाराला सिंधु म्हणाली, "बाई, थंडी वाजायली." मी दोन घोंगड्या घातल्या. त्यानंतर बोलली नाही.

केवळाबाईनं भिंतीवर डोकं आपटलं. "ह्याही येळेला तसंच! ह्याही येळेला तसंच!"

म्हणजे काय, म्हणून दंडाला धरून हलवलं तिला. आधीची दोन झाली होती. दोन्ही मेलेली. दोन्ही वेळेला वार अडकली, लई रगत गेलं, दुसऱ्या वेळी चार दिवस शुद्ध नव्हती.

"मग सांगितलं का नाही?"

"मेल्याली मोजली की सटवाईला पत्ता लागतो, बाई. पहिलीच म्हणलं म्हंजे तिची नजर पडत न्हाई. ह्ये तरी जगावं म्हणून म्हणले वो."

ही रीत मला काय ठाऊक नव्हती? आमच्या नांदेडातही तेच. लोहा-कंधारातही तेच. ह्याच्याचसाठी तर मी सासूला पाणी आणायला धाडते! आधीची दोन कागदावर असती तर डॉक्टरीणबाई दौऱ्यावर गेल्या नसत्या. आणि सिंधु स्वतः सांगायला आली होती.

१६ बहमन

डॉक्टरीणबाई आल्या. कागद वाचला, आधीच्या दोन खेपांचं ऐकलं आणि केवळाबाईवर कडाडल्या, "झूट क्यों बोले तुम? तुम्हीच मारे उसको!"

म्हातारी त्यांच्या पायावर पडली. "हाव, म्याच मारलं."

मी तिथंच उभी होते. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, तू तरी काय करणार, तुला फसवलं. माझी बाजू घेतली! आणि मी मान हलवली. अगं गोदे, मान हलवलीस तू!

२० बहमन

फणी पेटीत टाकली. आता समोर बसवूनच विचारते.

२८ बहमन

दादाचं पत्र. नांदेडच्या दवाखान्यात जागा निघालीय, सोबतचा अर्ज भरून धाड म्हणतो. अर्जात मूलबाळाचा खाना आहे. मी कपाळ पुसून माहेरी आले आणि हैद्राबादला नर्सचं शिकायला निघाले, तेव्हाच्या अर्जात तो खाना दादानंच भरला होता — 'नाही'. "खोटं काय आहे त्यात?" म्हणाला. खोटं नव्हतंच.

बाजाराला आलेल्या जळकोटच्या बाईनं गुरम्माला सांगितलं, केवळाबाईला गावात सून-खाई म्हणतात. पाणवठ्यावर बायका तिच्या घागरीला घागर लागू देत नाहीत.

अर्ज तसाच पडलाय. जेवण जात नाही.

५ इस्फंदार

डॉक्टरीणबाईंना सांगितलं, चूक माझी. सिंधु सांगत होती, मी ऐकलं नाही. त्या "अब बोल के क्या फायदा?" म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला. खरंच, त्यांना सांगून काय फायदा? सांगायचं ते केवळाबाईलाच.

९ इस्फंदार

केवळाबाई आली. पोरगी शेळीच्या दुधावर जगलीय, ती दाखवायला. पटकुरात गुंडाळलेली, डोळे सिंधुचे.

मी तिच्या समोर जमिनीवर बसले. म्हणाले, "केवळाबाई, तुम्ही नाही मारलं. सिंधुनं मला सांगायला बघितलं होतं. मीच तिला गप्प केलं."

"का वो बाई?"

सात वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं. "मला एक झाली होती. मुलगी. अकरा दिवसांची होऊन गेली, पौष शुद्ध द्वितीयेला. त्या दिवशी 'लेकरं किती झाली' हा प्रश्न माझ्या तोंडून निघत नाही. सिंधु नेमकी त्याच दिवशी आली; दुसऱ्या दिवशी ती सांगू लागली, तरी मला ऐकवलं नाही."

वाटलं, आता ही शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. ती पोरीला थोपटत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "नाव काय व्हतं?"

नाव नव्हतं. बारसं दुसऱ्या दिवशी होतं.