हौदातली हळद

चाचा, तुमच्यासारखा मिस्त्री आमच्या खात्यात पुन्हा आला नाही. आज पुलाजवळचा रस्ता खचला. आतली माती वाहून पोकळी झाली होती, तिच्यात नळीनं पातळ सिमेंट दाबून भरायचं होतं. पंप लावला होता, पण मी म्हटलं, आधी हळद आणा. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

मीही एकदा अशीच बघत होते. या शहराच्या पोटात पाणी वाहून नेणाऱ्या जुन्या नहरी आहेत आणि त्या कुठल्याच नकाशात नाहीत. म्हणून तुम्ही सिमेंट भरायच्या भोकात आधी हळदीचं पाणी ओतायचात आणि तुमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या, नहरीच्याच पाण्यानं भरणाऱ्या हौदाशी जाऊन बसायचात. पाणी पिवळं आलं, की खाली जिवंत नहर आहे, पंप बंद. कॉलेजातून नुकतीच आलेली मी हसले, तर सगळ्यांसमोर झापलंत. "बेटा, जमिनीला आधी इचारायचं, मग पाजायचं. लई घाई करती तू." दुपारी तुमच्या डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवलीत. तुमचा राग जेवणापलीकडे कधी टिकलाच नाही.

मग तुम्ही तापानं घरी पडलात तो आठवडा. रस्ता सुरू करायचा होता, वरचे साहेब डोक्यावर बसले होते. मी हळद न टाकताच पंप सुरू केला. भोक पोत्यांमागून पोती सिमेंट पीत राहिलं आणि मी खूश, केवढी पोकळी भरली म्हणून. सिमेंट नहरीतच गेलं होतं; चार दिवसांत हौद आटला. तुम्ही कामावर येता, अजून अशक्तच, आणि विचारता, "हळद टाकली व्हती ना?" मी म्हणते, "टाकली होती, चाचा. पिवळं नाही आलं." तुम्ही लगेच मान डोलावता. "मग नहरीची उमर झाली असंल." माझ्यावर शंका घ्यायचं तुम्हाला सुचलंही नाही, याची मला आजही लाज वाटते. पुढं हातपाय चालले तोवर तुम्ही म्हाताऱ्यांना नमाजाआधी हातपाय धुवायला, वुजूसाठी, नळावरून बादल्या वाहिल्यात.

आज उताराखालच्या विहिरीवर बसवलेल्या माणसाचा फोन आला, "मॅडम, पिवळं आलंय." पंप बंद केला. हे कुठं शिकलात, असं सगळ्यांनी विचारलं. मी तुमच्याबद्दल भरभरून बोलले. तुम्ही गेलात, पण तुमचा मुलगा अजून त्याच मोहल्ल्यात राहतो; हे सगळं लिहून त्याला द्यावं असं सकाळी वाटलं होतं. आता हा कागद कपाटातच ठेवते. कारण जाताना नव्या मुलींपैकी एकीनं विचारलं, "मॅडम, तुमच्याकडून हे कधी राहिलं नाही का?" आणि मी म्हणाले, "कधीच नाही."