इंजिन गार ठेवण्याची माझी पद्धत

३ मार्च, सकाळी ६.१०
जुन्या सायकलला इंजिन बसवून आठवडा झाला. ऑफिसच्या वाटेवरच्या चढावर ते निम्म्यात तापून बंद पडतं. दोष चढाचा आहे.

५ मार्च
मिस्त्रीला दाखवलं. म्हणाला, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घाला, इंजिनाच्या पात्यांमधला चिखल काढा, चढावर जरा पॅडल मारा. पॅडलच मारायचं तर इंजिन कशाला बसवलं? मिस्त्रीचा वकूब कळला. यापुढे स्वतःच्या डोक्याने चालायचं.

८ मार्च
डोकं चाललं. तेल तापतं, हे कढईत रोज दिसतं. म्हणजे ऑइल कमी, तर उष्णता कमी! आजपासून ऑइल निम्मं. आजवर हे कुणाला कसं सुचलं नाही?

११ मार्च
पिठाच्या डब्याचं झाकण कापून इंजिनावर वारा वळवणारं पातं केलं. वारा माझ्या विजारीत शिरतो. पण शिरतो जोरात. तत्त्व सिद्ध झालं. झाकणावरून बायको जे बोलली ते लिहीत नाही.

१४ मार्च
इंजिनाला ओलं फडकं गुंडाळलं. चढावर वाफ निघाली. आग लागली समजून एका गृहस्थांनी बादलीभर पाणी माझ्यावर ओतलं. लोकांना शास्त्र कळत नाही. शिंका चालू.

१७ मार्च
रविवारी बायकोची हेड नर्सच्या जागेसाठी परीक्षा. केंद्र चढापलीकडे. ती म्हणाली, बसने जाते, तीन वर्षं अभ्यास केलाय, उशीर नको. मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का? बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, बरं. म्हणजे आहे! ऑइल आणखी कमी केलं. जोखीम नको.

१९ मार्च, रविवार
८.१० ला निघालो. ८.२५ ला, चढाच्या मध्यावर, खट्. मागचं चाक जाम. मी तिला म्हणालो, पाच मिनिटं थांब, गार होऊ दे. तिने घड्याळ पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि चढावर पळत सुटली. तिला इतकं पळता येतं, हे लग्नाच्या अकरा वर्षांत माहीत नव्हतं. हाक मारणार होतो. तोवर ती दिसेनाशी झाली.

२० मार्च
सात मिनिटं उशीर झाला, पण बसू दिलं. हे तिने शेजारणीला सांगितलं. मी दाराआडून ऐकलं.
मिस्त्रीने इंजिन खोललं. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. ऑइल किती घालत होता, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, पुरेसं. त्याने ठोकून ठोकून पिस्टन काढला, माझ्या हातात दिला आणि चहाला निघून गेला.

२ एप्रिल
बायको बोलू लागली. पहिलं वाक्य : नवं झाकण आणा. सुरुवात चांगली आहे.

२८ एप्रिल
ती पास झाली! मिस्त्रीकडून तिने इंजिन काढून घेतलं आणि सायकल स्वतःकडे ठेवली. रोज दवाखान्यात सायकलनेच जाते. म्हणते, पळत चढता येतो तो चढ सायकलने का नाही?
मी बसने जातो. आज ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. तिथलं इंजिनाचं झाकण फारच तापतं. त्याला दोन गोष्टी समजावल्या. त्याने मला मागे जायला सांगितलं. मागे जागा नव्हती, उभाच राहिलो. चढावर मागच्या काचेतून बायको येताना दिसली. मी हात हलवला. तिचे दोन्ही हात हँडलवर होते.